टाकून दिलेला कानोका

डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर चपला बदलायचं एक कपाट आहे, त्याच्या दारावर तो कागद चिकटवला होता. गुरुवारी दुपारी, नवऱ्याला, तोकुजीला घरी न्यायला मी आले तेव्हा. सकाळी त्याला सोडलं तेव्हा नव्हता. मोठ्या नर्सचं अक्षर मी ओळखते. एरवी तिच्या ओळी सरळ असतात, ह्या उजवीकडे घसरल्या होत्या. ‘सुगिहिराताके ही अळंबी कुणीही खाऊ नयेत. ज्यांनी या महिन्यात खाल्ली असतील त्यांनी लगेच सांगावे.’ एक पाय वॉर्डाच्या सपातेत आणि एक स्वतःच्या बुटात अशी मी उभी राहिले आणि, आता सांगायला लाज वाटते, मला आधी हायसंच वाटलं. सुगिहिराताके असलं काही आपण घरात आणत नाही. शहरातले लोक कुठल्या कुठल्या दुकानांतून काय काय आणून खातात, भोगा म्हणावं. मग खाली, ज्यांना पुस्तकी नावं कळत नाहीत त्यांच्यासाठी, बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं: म्हणजे आपला कानोका.

कानोका आमच्याकडे रविवारी आला होता. दर वर्षी यायचा. माझ्या सासूबाई, तात्सुए त्यांचं नाव, तीन तासांवरच्या डोंगरातल्या गावात एकट्या राहतात आणि एक्याऐंशीव्या वर्षीही पाठीला टोपली बांधून, अस्वलांसाठी कमरेला घंटा लावून सुगी म्हणतात त्या देवदारांच्या रानात जातात. तिथली जमीन बारा महिने ओली असते. तोडलेल्या देवदारांचे जुने बुंधे कुजत पडलेले असतात आणि शरदात त्यांच्यावर कानोका फुटतो, पांढरा, पातळ, देठ नसलेला, लहान मुलाच्या कानाएवढा, एकावर एक. कुठल्या बुंध्यांवर, हे त्या कुणाला सांगत नाहीत. तिकडे रीतच तशी आहे. सख्ख्या बहिणी एकमेकींना चुकवून रानात शिरतात, आणि पोटच्या पोराला जागा दाखवायची ती मरणाच्या वाटेवर असताना. तोकुजीनं लहानपणी दोनदा आईच्या मागून चोरून जायचा प्रयत्न केला होता, दोन्ही वेळा त्यांनी त्याला ओढ्यातून फिरवून फिरवून परत घरी आणून सोडलं. यंदा वादळामागून वादळं आली, पावसानं रान आठ आठ दिवस गळत राहिलं. सासूबाईंचा फोन आला तेव्हा त्या ओरडतच होत्या. “लई आलाय गं यंदा! म्या जलमात येवढा बघितला न्हाई. बुंधा दिसंना झालाय. धाडलाय तुमास्नी. त्याला पोटभर घाल.” पोटभर, हे त्या दर वेळी म्हणायच्या आणि मी दर वेळी हो म्हणायचे, कारण मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला पोटभर असं काही नसतं हे त्यांना फोनवर कितीदा समजावणार.

सहा वर्षं मी तोकुजीला मोजून जगवला होता. दिवसाला पाणी किती, त्यात सूप किती, औषधाबरोबरचा घोट किती. बटाटा पाण्यात ठेवायचा, पाणी फेकायचं, उकळायचा, पाणी फेकायचं. पालक तसाच, गाजर तसंच. भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं आणि पाण्याबरोबर जातं, आणि चवही जाते, पण चवीनं कुणी मरत नाही. मी लाँड्रीत काउंटरवर काम करते. लोकांच्या शर्टांचे डाग कशानं जातात हे मला बघताक्षणी कळतं, आणि तसंच तोकुजीच्या जेवणातलं काय कशानं जातं हेही मला कळतं, असा मला गर्व होता. गर्वच. वॉर्डातल्या बाकीच्या बायका मला विचारायच्या. तर रविवारी मी कानोका निवडला, देवदाराची सुकी पानं काढली, धुतला, उकळला, पाणी फेकलं, पुन्हा उकळला, पुन्हा फेकलं. सगळं वाईट त्या पाण्यातून मोरीत गेलं अशी माझी खात्री होती. मग मिसोचं, आंबवलेल्या सोयाबीनचं सूप केलं. त्याला अर्धं वाडगं सूप चालायचं. त्यानं ते संपवून वाडगं नुसतं पुढे धरलं, तोंडानं काही म्हणाला नाही, आणि मी पुन्हा भरलं. दोन वाडगी. डोळे मिटून खात होता. म्हणाला, “चिझुरू, आज पहिल्यांदा तुझ्या हातचं आईच्यासारखं लागतंय.” ह्याचा मला राग यायला हवा होता, एरवी आला असता. पण त्याच्या चेहऱ्यावर एवढं सुख मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं आणि ते मी दिलं होतं, म्हणून मी सोमवारी पुन्हा केलं.

नर्सला मी सांगितलं. तिनं तारखा लिहून घेतल्या आणि मला डॉक्टरांसमोर बसवलं. डॉक्टर तरुण, पेनचं टोपण काढायचे आणि लावायचे. “ह्यानंच होतं असं अजून कुणालाच नक्की माहीत नाही,” ते म्हणाले. “दुसऱ्या गावांतले काही रुग्ण दगावलेत. मेंदूला सूज. बहुतेकांनी ही अळंबी खाल्ली होती, एवढंच कळलंय. सगळे वर्षानुवर्षं खात आलेत, आजवर काही झालं नाही, हेही खरंच.”

“मी दोनदा उकळून पाणी फेकलं होतं,” मी म्हटलं.

“ते पोटॅशियमसाठी,” ते हळू आवाजात म्हणाले, आणि पेन खिशात ठेवून दिलं. “आपण वाट बघायची. हात थरथरले, चालताना तोल गेला, बोलताना शब्द चुकले, की त्याच मिनिटाला घेऊन या. दोन-तीन आठवडे काढले की झालं.” वाट बघण्यावर औषध नसतं का, असं काहीतरी मी विचारलं असावं, कारण ते माझ्याकडे बघून नुसते वाकले.

गाडी तेव्हा मीच चालवायचे. तोकुजी बाजूला बसून माझे गिअर चुकले की जीभ चुकचुकवायचा. त्या दिवशी त्यानं चुकचुकवली नाही. पुलावर सिग्नल लागला तेव्हा म्हणाला, “वाचला मी तो कागद. शेजारच्या बेडवरचा म्हातारा चार तास तेच बोलत होता. त्यानंही खाल्लाय. म्हणतो, माझा बाप खायचा, आजा खायचा, आता कानोक्याला सरकारनं काय शिकवलं.”

“तुला कसं वाटतंय?”

“भूक लागलीय.” मग काचेबाहेर बघत म्हणाला, “आईला सांगू नकोस. काही झालं तरी. ती ओलीत, पाठीचा कणा मोडेपर्यंत वाकून ते वेचते. सांगशील तर ती त्याच रानात जाऊन पडून राहील, आणि ती जागा तर कुणालाच माहीत नाही.” तो हसला. मला हसू आलं नाही. “शपथ घे म्हणत नाही,” तो म्हणाला, “नुसतं हो म्हण.” मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी हो म्हटलं.

घरी फ्रिजमध्ये डब्यात कानोका उरला होता, उकळून पिळून ठेवलेला. तोकुजी आडवा झाला आणि मी स्वयंपाकघरात उभ्यानं तो डबा उघडला. पांढरा, निरागस, वासाला जवळजवळ नाहीच, ओल्या लाकडाचा असतो तेवढा. फेकून द्यायला मी कचऱ्याची पिशवी उघडलीसुद्धा. आणि मग मी तो खाल्ला. तेलात परतला नाही, मीठ घातलं नाही, चिमटीनं उचलून उचलून सगळा, घशाशी येईपर्यंत. का, हे मला आजही धड सांगता येत नाही. वाटलं, खरंच वाईट असेल तर आधी मला कळेल. वाटलं, त्याच्या वाटचं असेल ते माझ्या अंगावर येईल. मूर्खपणा होता, आणि त्या मूर्खपणावर माझी सगळी आशा होती. रविवारी आणि सोमवारी मीही खाल्लंच होतं की, मला काय झालं होतं? काही नाही. माझी मूत्रपिंडं गाढवासारखी राबत होती, मी न विचारता, मी न मोजता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाँड्रीत गेले, सतरा सूट घेतले, पावत्या फाडल्या, आणि मला साधी मळमळसुद्धा झाली नाही. स्वतःच्या धडधाकट शरीराचा इतका राग मला कधी आला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. त्यांच्या गावात खांबाखांबावर कर्णे आहेत, अस्वल उतरलं की त्यांवरून ओरडून सांगतात. त्या दिवशी कर्ण्यानं अस्वलाऐवजी कानोक्याचं नाव घेतलं. “काय गं, काय सांगतायत ही मान्सं? म्हनं किडनीवाल्यानं खाल्ला की मरतो? त्यानं खाल्ला तर न्हाई ना? चिझुरू? बोल की!” तोकुजी माझ्या शेजारीच होता, त्यांचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू येत होता. तो मला हातानं खुणा करत होता, फेकल्याच्या, लांबवर, पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, “नाही आई. डबा आला त्याच दिवशी बातमी कळली. मी टाकून दिला.” मग एक लांब श्वास, आणि मग त्या रडायला लागल्या, मोठ्यानं, शेजारीपाजारी ऐकतील अशा. “बरं केलंस पोरी. लई बरं केलंस. माज्या हातून पोर गेलं असतं गं.” तोकुजीनं दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला आणि पेपर तोंडासमोर धरला. पेपरामागे तो किती वेळ होता, माहीत नाही. पान उलटल्याचा आवाज आला नाही.

त्यानंतरचे दिवस मी त्याच्या हातांकडे बघत काढले. चॉपस्टिक उचलताना, शर्टाची बटणं लावताना, तोंड पुसताना. पूर्वी मी ताटाकडे बघायचे, आता ताटावरच्या बोटांकडे. मुद्दाम काटेरी मासा केला, काटे काढताना बोटं स्थिर राहतात का ते बघायला, आणि तो एक एक काटा काढून माझ्या ताटाच्या कडेला मांडत म्हणाला, “घ्या परीक्षक बाई, मोजा.” शनिवारी भांडलो. “माझ्याकडे बघ ना,” तो ओरडला, “हातांकडे काय बघतेस, हात म्हणजे मी आहे का?” मला त्याला सांगता आलं नाही की चेहऱ्याकडे बघायचा धीरच माझ्यात उरलेला नाही. चेहऱ्याला सगळं कळलेलं होतं. मग मीच एक खेळ काढला. रोज सकाळी चहाच्या वेळी त्यानं त्याच्या बसचे थांबे मला क्रमानं म्हणून दाखवायचे. बावीस वर्षं तो एकच मार्ग चालवत होता. स्टेशन, खंदकाचा पूल, मासळीबाजार, मुलींची शाळा, देवळाचा चढ, तेलाच्या टाक्या, बंदर. तो ते माईकमध्ये बोलायचा तसे बोलायचा, नाकातून, ‘पायरी सांभाळा’ जोडून. बंदर आलं की मला वाटायचं, आजचा दिवस मिळाला. रविवार मिळाला, सोमवार मिळाला. मी कॅलेंडरवर काही खूण करत नव्हते, खूण केली तर दृष्ट लागेल असं वाटायचं, मी, जी असल्या गोष्टींना हसते.

मंगळवारी सकाळी तो म्हणाला, स्टेशन, खंदकाचा पूल, मासळीबाजार. मग म्हणाला, मासळीबाजार. मी चहा गाळत होते. मासळीबाजार, तो पुन्हा म्हणाला, आणि थांबला, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू रस्त्यात कुणी अनोळखी इमारत आणून ठेवली आहे. “पुढे?” मी म्हटलं. माझा आवाज मला बाहेरून आल्यासारखा ऐकू आला. “मासळी,” तो म्हणाला. ओठ हलत राहिले. मग तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, “बंद पडली वाटतं बस,” हे वाक्य मात्र अगदी स्वच्छ, आणि त्याचा डावा पाय टेबलाखाली जमिनीवर टकटक वाजायला लागला. त्यानं दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. मीही वाकून धरला. चार हातांनी तो पाय थांबेना.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं आणि तेही नको असतं. झटके, नळ्या, छाती वरखाली करणारं यंत्र. तरुण डॉक्टर आता पेनला हात लावत नव्हते. मी त्यांना कोपऱ्यात गाठून म्हटलं, त्याच्या आईला अळंब्यांचं काही बोलू नका, ते म्हणाले, “त्या विचारणार नाहीत तोवर मी सांगणार नाही. आणि विचारलं तरी मला नक्की काय माहीत आहे?” सासूबाईंना गावातल्या एका शेजाऱ्यानं गाडीनं आणून सोडलं. त्या कॉरिडॉरमधल्या बाकावर पाय वर घेऊन बसल्या आणि मला एकच विचारलं, “खरंच टाकला व्हतास ना?” मी म्हटलं, “खरंच.” “मंग ह्ये कशानं?” मी म्हटलं, किडनीचंच आहे, डोक्यात चढलं. शनिवारी दुपारी, त्याच्या डायलिसिसच्या वेळेला, तो गेला. मला तेव्हा रडूही आलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं: दुसरं वाडगं. पहिलं नव्हे, दुसरं. ते मी भरलं नसतं तर.

सासूबाई बदलल्या त्या अंत्यविधीनंतर. पोर वाचलंय असं वाटत होतं तोवर मी शहाणी होते. पोर गेलं, आणि हळूहळू त्यांच्या मनात तो टाकून दिलेला डबा मोठा होत गेला. त्या शेजाऱ्याला सांगताना मी ऐकलं, भिंतीपलीकडून. “हिनं फेकला. शेवटचा घास म्हनून का व्हईना, माज्या हातचं त्याच्या तोंडी पडाया पायजे व्हतं. सा वर्सं पोराला धुवून धुवून खायला घातलं, आनि येक माजा डबा आला तो बी कचऱ्यात.” त्या माझ्याशी बोलायच्या, पण नाव घेत नव्हत्या. अस्थी निवडताना त्यांनी माझ्या हाताला हात लागू दिला नाही. मला रागावण्याचा काय अधिकार होता? त्या जे म्हणत होत्या ते खोटं होतं, आणि ते खोटं मीच त्यांना दिलं होतं. आणि माझ्या आत तो डोळे मिटून खात होता, पुन्हा पुन्हा, आणि ते चित्र जगात एकट्या माझ्याजवळ होतं. ज्या बाईचा त्यावर पहिला हक्क होता तिला ते दाखवता येत नव्हतं.

एकोणपन्नासाव्या दिवशीच्या विधीसाठी मी गावी गेले. बर्फ पडायला लागलं होतं, म्हणून भिक्षू आणि नातलग दुपारीच उतरून गेले. घरात आम्ही दोघीच उरलो. सासूबाई स्वयंपाकघरातल्या फळीखालून एक लाकडी पिंप ओढून काढायला लागल्या, मी मदतीला गेले तर हातानंच दूर केलं. आत मिठात घातलेला कानोका होता. “समद्यांनी वतून दिला,” त्या म्हणाल्या, “वड्याला पांढरा पूर आला व्हता. म्या न्हाई वतला.” त्यांनी तो धुतला आणि सूप केलं. घर त्या वासानं भरलं, मी दारापाशी बसून राहिले आणि बाहेरच्या बर्फाकडे बघितलं. त्यांनी वाडगं भरलं आणि तोकुजीच्या फोटोपुढे ठेवलं, वर चॉपस्टिक आडव्या ठेवल्या. “आता त्याला काय व्हनार हाय,” त्या म्हणाल्या. “खा म्हनावं. आता तुला कुनी मोजनार न्हाई.”

वाफ फोटोच्या काचेवर बसली आणि विरली. त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. रागानं नाही, आणि म्हणून ते ऐकवेना. “तुला वाटत आसंल, म्हातारी येवढ्याशा डब्यासाठी धरून बसलीया. पर म्या त्या दिशी तीनदा वर गेले. गुडघं धरलं व्हतं. म्हनलं, यंदा येवढा आलाय, त्याला आवडतो. त्यानं खाल्ला आसता आनि मंग गेला आसता, तर मला वाटलं आसतं, गेला खरा, पर माज्या हातचं खाऊन गेला. आता रातंदिस येकच येतं मनात, उपाशी गेला.”

तोंडापर्यंत आलं होतं. दोन वाडगी, आई. दुसऱ्या दिवशी आणखी. तुमच्यासारखंच लागतं म्हणाला. एवढंच सांगितलं असतं तर त्यांचा चेहरा कसा उजळला असता ते मला दिसत होतं, आणि पुढच्याच श्वासाला काय झालं असतं तेही दिसत होतं, कारण पहिलं वाक्य बोललं की दुसरं त्याच्यामागून आपोआप चालत येतं, आणि त्या वाक्यात त्या होत्या, मी होते, आणि तीनदा वर गेलेले त्यांचे गुडघे होते. मला ते त्यांच्यासाठी सांगायचं नव्हतंच. मला माझ्यासाठी सांगायचं होतं. मला कुणीतरी, ह्या जगात कुणीतरी एकानं, जे मी खरंच केलं त्यासाठी मारायला हवं होतं.

“चुकलं माझं, आई,” मी म्हटलं. “टाकायला नको होता.”

छपरावरून बर्फाचा एक थर घसरून अंगणात पडला. मग त्या सरकत सरकत माझ्याजवळ आल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

“जाऊ दे, चिझुरू,” त्या म्हणाल्या. “तू त्याच्या जिवाच्या भ्यानंच केलंस ना. टाकलास त्ये म्या मनात ठिवनार न्हाई. माफ केलं तुला.”

मी चटईला कपाळ टेकवलं आणि त्यांचे आभार मानले.